आखाजी ते आखाजी : खानदेशी वर्षाचे सांधे

खानदेशात वर्ष दोनदा सुरू होते. पंचांगाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढीबरोबर उभे राहते. शेताचे, कर्जाचे आणि गड्यामाणसांचे वर्ष मात्र त्यानंतर महिनाभराने, वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला उजाडते. उर्वरित महाराष्ट्र ज्या दिवसाला अक्षय तृतीया म्हणून साडेतीन मुहूर्तांत गणतो, त्याला तापीच्या दोन्ही काठांवर दिवाळीइतका मान आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. आखाजीच्या आधीच्या दोन-चार दिवसांत या स्थानकावर सुरतेकडून येणाऱ्या गाडीतून लेकुरवाळ्या स्त्रिया उतरताना दिसतात. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील या सासुरवाशिणी. त्या माहेरी येतात, आणि सण सुरू होतो.

सणाचे हे चित्र मराठीच्या अभ्यासकांना अनोळखी नाही. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी आखाजीवर कविता रचली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाल्यापासून झोका, माहेर आणि वैशाखाचे ऊन यांच्या संगतीने आखाजी मराठी वाचकाच्या मनात घर करून आहे. आम्हीही ती कविता वर्षानुवर्षे त्याच संगतीने शिकवीत आलो. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात आखाजीविषयी बोलत असताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारले, तुमच्या घरी त्या दिवशी काय होते? मुलींनी झोके सांगितले, गौराई सांगितली, सांजोऱ्या सांगितल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे त्या दिवशी वडिलांचे साल ठरते." वर्ग क्षणभर गप्प झाला. शिकविण्याच्या ओघात आमच्याकडून काय सुटत होते, हे आम्हांस त्या एका वाक्याने दाखवून दिले. प्रस्तुत लेख त्या सुटलेल्या धाग्याविषयी आहे.

* * *

प्रथम आखाजीचे विधी पाहू. या दिवशी पितरांसाठी मातीची नवी घागर भरतात. तीवर लहान मातीचे भांडे, त्यावर डांगर किंवा आंबा ठेवतात आणि घागरीची पूजा करतात. पुरणाचे मांडे, आमरस, कुरडया-पापड असा नैवेद्य होतो. निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून 'आगारी' टाकतात, म्हणजे गेलेल्या माणसांना त्यांचा वाटा पोचता होतो. वैशाखातल्या उन्हात पितरांना तहान लागत असेल, ही कल्पना पाण्याचे मोल ठाऊक असलेल्या प्रदेशालाच सुचावी.

याच घागरीशी दुसरे एक काम जोडलेले आहे. कित्येक घरांत तिच्याखाली मातीची चार ढेकळे ठेवण्याची रीत आहे. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन हे चार महिने त्या ढेकळांना वाटून दिलेले असतात. घागरीतून पाझरलेल्या पाण्याने ज्या महिन्याचे ढेकूळ अधिक भिजेल, त्या महिन्यात पाऊस अधिक, असा ठोकताळा. खानदेशच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची प्रसिद्ध घटमांडणी हे याच विधीचे विस्तारलेले सार्वजनिक रूप होय. आखाजीच्या संध्याकाळी शेतात घट आखला जातो, भोवताली धान्ये मांडली जातात, मध्ये ढेकळांवर घागर ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांची हालचाल आणि ढेकळांचा ओलावा पाहून पावसाचे, पिकांचे आणि राज्याच्या भवितव्याचे भाकीत सांगितले जाते. ही प्रथा साडेतीनशे वर्षांची असल्याचे तेथे सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांना शास्त्रीय आधार नसल्याचे वेळोवेळी निदर्शनास आणले आहे, आणि ते योग्यच आहे. ढेकूळ किती भिजते हे घागरीच्या पाझरावर ठरते, मोसमी वाऱ्यावर नव्हे.

आता वर्गातल्या त्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. खानदेशात सालदाराचे साल आखाजी ते आखाजी असे चालते. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने एका शेतकऱ्याकडे राबणारा गडी. करार बहुधा तोंडी. सण जवळ आला की बोलणी सुरू होतात, वर्षाची रक्कम ठरते, काही भाग उचल म्हणून आधी दिला जातो, आणि आखाजी झाली की नवे साल लागते. जुन्या मालकाशी पटले नसेल तर त्याला सोडण्याची मुभा याच दिवशी. उचल फिटलेली नसेल तर ती मुभाही नाही. म्हणजे ज्या दिवशी सासुरवाशीण सासरच्या कामातून चार दिवस सुटते, त्याच दिवशी सालदार वर्षभरासाठी बांधला जातो. आखाजीला पुरुषांत पत्त्यांचे डाव रंगतात, हे खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. नशीब अजमावण्याचा हा खेळ नेमका याच दिवशी का, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. वर्षभरात एकदाच हातात रोकड येणाऱ्या माणसाचा तो दिवस आहे.

पितरांचे पाणी, पावसाचे भाकीत, लेकीचे माहेर, गड्याचे साल आणि पत्त्यांचा डाव हे सारे एकाच तिथीला यावे, हा योगायोग नाही. वैशाखात रान मोकळे असते. जुने पीक घरात आलेले किंवा विकले गेलेले असते, आणि मृगाला अजून अवकाश असतो. जुन्या वर्षाचा हिशेब करता येतो. नव्या वर्षाचा पाऊस कोणाच्याही हाती नसतो. हा वर्षाचा सांधा आहे. सांध्यावर ताण येतो, आणि जेथे ताण येतो तेथे लोकांच्या समजुती, निषेध आणि शकुन गोळा होतात. एवढेच आमचे प्रतिपादन आहे.

* * *

हे केवळ खानदेशाचे वैशिष्ट्य नाही, हे दाखविण्यासाठी एका दूरच्या बेटाकडे जाणे उपयोगी ठरेल. ग्रामीण आयर्लंडचे जुने वर्ष चार सांध्यांचे : १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस, १ मेचा बेल्टने, १ ऑगस्टचा लुनासा आणि १ नोव्हेंबरचा साव्हन, ज्याच्या आदल्या रात्रीला जग आज हॅलोवीन म्हणून ओळखते. यांपैकी मे आणि नोव्हेंबर हे मोठे सांधे. मे महिन्यात गुरे उन्हाळी कुरणांवर जात आणि नोव्हेंबरात परतत. मेच्या पहिल्या दिवशी घरातून विस्तव, दूध, लोणी किंवा मीठ कोणाला देऊ नये, अशी समज होती. दिल्यास वर्षभराचे घरचे लोणी त्याबरोबर जाते, असे मानीत. साव्हनच्या रात्री मृतांसाठी चुलीजवळ जागा मोकळी ठेवीत. गोड पावात अंगठी लपवून लग्नाचा शकुन पाहत. त्यानंतर रानातली काळी बोरे खाऊ नयेत, कारण 'पूका' नावाचे भूत त्यांवर थुंकते, असे मुलांना सांगत.

या समजुतींची पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी एक गोष्ट मांडून पाहावी : मे आणि नोव्हेंबर हेच आयर्लंडमध्ये जमिनीचा खंड भरण्याचे महिने होते, आणि उत्तरेकडील अल्स्टर भागात गडीमाणसे ठरविण्याचे बाजार याच दोन महिन्यांत भरत. सहा महिन्यांच्या बोलीवर मुले-मुली, तरुण माणसे तेथे उभी राहत आणि शेतकरी त्यांना निवडून नेत. डोनेगॉलच्या पॅट्रिक मॅकगिल यांच्या 'चिल्ड्रेन ऑफ द डेड एंड' (१९१४) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत स्ट्रबेनच्या अशा बाजाराचे चित्रण आले आहे. या बाजारांची तारीख बहुतेक ठिकाणी १२ मे आणि १२ नोव्हेंबर अशी होती. १७५२ साली ब्रिटिश अमलाखाली दिनदर्शिका अकरा दिवसांनी पुढे ढकलली गेली, तरी मजुरीच्या व्यवहाराने जुना मे दिवस आणि जुना साव्हन सोडला नाही, याची ती खूण आहे. सरकारने तारीख बदलली. रान आणि करार आपल्या जुन्या दिवशीच उभे राहिले. खानदेशातला सालदार हे चटकन ओळखील.

दोन प्रदेशांत आणखीही एक दुवा आहे. आपल्या अहिराणीची, म्हणजे जुन्या सरकारी भाषेत 'खानदेशी'ची, नोंद जगापुढे गेली ती 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागातून (१९०७). तेथे ती भिल्ली भाषांच्या सोबतीने मांडली गेली आहे. त्या महाप्रकल्पाचे संपादक जॉर्ज ग्रियर्सन हे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ, १८५१ साली जन्मलेले.

लोकसमजुतींचे संकलनही दोन्हीकडे शाळांच्या मदतीने झाले. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून माहिती मागविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यांची हत्या केली. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी त्या टिपणांचे दोन खंड प्रसिद्ध केले, गुजरातचा १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली. खानदेशाचा स्वतंत्र खंड त्यांत नाही. आयर्लंडमध्ये १९३५ साली लोकसाहित्य आयोग स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वह्या भरल्या. दोन्ही संकलनांच्या मांडणीत मात्र फरक आहे. जॅक्सन-एन्थोवेन यांची प्रकरणे निसर्गशक्ती, वीरदेवता, रोगदेवता, पितर, दृष्ट आणि चेटूक अशी आहेत; समजूत तेथे माणसाच्या कामधंद्यापासून सुटी करून कप्प्यात ठेवली आहे. आयरिश मुलांच्या वह्यांत भुतांच्या गोष्टींशेजारी गावातले कारागीर, बाजार आणि दुष्काळाच्या आठवणीही येतात. आम्हांस दुसरी रीत जवळची वाटते. समजूत कोणाच्या घरात, कोणत्या कामाच्या दिवशी राहते, हे कळल्याखेरीज ती कळत नाही.

* * *

ही दृष्टी घेऊन खानदेशच्या उरलेल्या वर्षाकडे पाहिले, तर सणांची यादी वेगळी वाचता येते. पाऊस लांबला की धोंडी निघते : कडुनिंबाच्या डहाळ्या गुंडाळलेला मुलगा दारोदार फिरतो आणि प्रत्येक घर त्याच्यावर पाणी ओतते. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैलाला जू नसते, त्याला पुरणपोळी मिळते. आणि बैलांबरोबर वर्षभर राबलेल्या सालदारालाही नवे कपडे देण्याची रीत आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर जळगावकडच्या मुली गुलाबाईची गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. फाल्गुनात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी रात्रभर जागते.

यांत कानबाईचा सण जरा थांबून पाहण्याजोगा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातील घराघरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून, साडी नेसवून देवीचे रूप देतात; रात्र जागवितात; सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. सणाचे मर्म मात्र 'रोटां'त आहे. घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू मोजून घेतात, ते दळून त्यांचे रोट करतात, आणि ते भाऊबंदांखेरीज कोणी खायचे नाहीत. बाहेरच्या माणसाला, मग तो कितीही जिवलग असो, रोट दिला जात नाही. ठरल्या मुदतीत ते संपवावे लागतात. उरलेले उघड्यावर टाकता येत नाहीत, ते पुरतात किंवा पाण्यात सोडतात.

मेच्या पहिल्या दिवशी घराबाहेर लोणी न देणारी आयरिश गृहिणी आणि श्रावणात रोट घराबाहेर न देणारी खानदेशी गृहिणी यांच्यात संपर्क असण्याचे कारण नाही. दोघींच्या मनात एकच प्रश्न आहे : आपले कोण? ज्या व्यवस्थेत संकटात धावून येणारे फक्त भाऊबंद असतात, तेथे वर्षातून एकदा माणसे मोजून गहू घेणे ही त्या आधाराची गणतीच होय. रोट खायला सुरतेहून, नाशिकहून, पुण्याहून माणसे येतात. जो आला नाही त्याची आठवण निघते. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्यापुढेही ताट मांडावे लागते. या निषेधाची दुसरी बाजूही विसरू नये. रोटाच्या भोवती आखलेली रेघ जातीची आणि कुळाची आहे. त्याच घरी वर्षभर राबणारा सालदार त्या रेघेच्या बाहेर असतो.

कानबाईविषयी आणखी एक निरीक्षण. कापड गिरण्या आणि यंत्रमागांच्या शहरात गेलेल्या खानदेशी माणसाने हा सण सुरतेतही जोमाने टिकविला. याला अनेक कारणे असतील, पण त्यांतील एक साधे आहे : कानबाई रविवारी बसते. तिथी कारखान्याला कळत नाही, वार कळतो. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या तरुणालाही हे सोयीचे आहे.

* * *

येथवर वाचून असे वाटेल की आम्ही प्रत्येक समजुतीला काही ना काही उपयोग चिकटवून तिचे समर्थन करीत आहोत. तसे नाही. भीती जोवर दिवसाला बांधलेली असते, तोवर ती सोसवते. दिवस मावळला की ती उतरते. भीती माणसाला बांधली गेली की मात्र ती जीव घेते. मे दिवशी लोणी चोरले जाते, अशी समजूत असलेल्या आयरिश खेड्यात संशयाची बोटे बहुधा एकट्या म्हाताऱ्या बाईकडे वळत. १८९५ च्या मार्चमध्ये टिपरारी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथे ब्रिजेट क्लिअरी ही तरुण स्त्री आजारी पडली. खरी ब्रिजेट पऱ्यांनी नेली आणि ही तिच्या जागी ठेवलेली दुसरीच आहे, अशा समजुतीच्या आवरणाखाली तिला नवऱ्याने जाळून मारले. सदोष मनुष्यवधासाठी त्याला शिक्षा झाली.

आमच्या सातपुड्याच्या रांगांत 'डाकीण' ठरविल्या गेलेल्या स्त्रियांची कहाणी याहून निराळी नाही. गावात मूल दगावले, गुरे मेली, की एखाद्या बाईचे नाव घेतले जाते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, आणि कित्येकदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला आणि चेटूक करते म्हणून कोणाला छळणे हा गुन्हा ठरला. घागरीखालचे ढेकूळ आणि डाकिणीचा आरोप या दोहोंना 'अंधश्रद्धा' हा एकच शब्द लावला की दोहोंतला फरक पुसला जातो. पहिल्यात माणूस आपल्या अनिश्चिततेशी बोलतो. दुसऱ्यात तो आपली अनिश्चितता दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो. लोकपरंपरेवर प्रेम करणाऱ्याने दुसरीकडे डोळेझाक करू नये, आणि तिच्यावर टीका करणाऱ्याने पहिलीची टिंगल करू नये.

मराठी साहित्याने या वर्षाकडे दोन टोकांनी पाहिले आहे. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सणवारांची मालिका ही शेतकऱ्याच्या घरातून दक्षिणा बाहेर काढण्याची वही आहे. त्यांनी वर्षारंभापासून एकेक सण घेऊन तो हिशेब मांडला. बहिणाबाईंच्या कवितेत तेच वर्ष माहेराचे, बैलाचे, पेरणीचे आणि झोक्याचे आहे. अभ्यासक्रमात हे दोन ग्रंथ वेगळ्या प्रश्नपत्रिकांत येतात, आणि विद्यार्थी त्यांना वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. वास्तविक दोन्ही एकाच वर्षाचे वाचन आहे. स्वतः शेतात राबलेल्या आणि तरुणपणी वैधव्य आलेल्या बहिणाबाईंना हिशेब ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? झोक्याची दोरी ज्या कडुनिंबाला बांधलेली असते, त्याच्याच सावलीत बसून सालदाराची बोलणी होतात. आखाजीच्या गाण्यांत सासरचे गाऱ्हाणे येते, गौराईच्या विसर्जनाच्या वेळी दोन गावांच्या बायका समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना गाण्यांतून शिव्याही देतात. त्या दिवसाने जे सुटते आणि जे बांधले जाते, त्या दोहोंचा आवाज त्या गाण्यांत आहे. तो ऐकू न येण्याचा दोष शिकविणाऱ्याचा.

आता सालदार मिळेनासे झाले आहेत. ट्रॅक्टरने बैल कमी केले, तरुणांनी औद्योगिक वसाहतीची आणि सुरतेची वाट धरली, आणि सालाची रक्कम लाखाच्या पुढे गेली. मिळत नाहीत म्हणून शेतकरी हळहळतो. त्यांच्या मुलांना हळहळण्याचे कारण नाही. वर्गातला तो मुलगा पुढे पदवीधर होऊन गेला. त्यानंतर आम्ही आखाजीची कविता शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न घरी विचारून यायला सांगतो : त्या दिवशी आपल्या घरी कोण येते, आणि त्या दिवशी आपल्या घरून कोण कोणाकडे कामाला लागते? उत्तरे वहीत लिहून झाली, की मग पुस्तक उघडतो.